सातबारा माझा, बाग कुणाची?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

"मी तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदार आहे. वय ४७. चार एकर थॉम्पसन जातीची द्राक्षे आहेत, त्यातील तीन एकर निर्यातीची. सोसायटीचे कर्ज आहे, पण थकलेले नाही. गेले तीन हंगाम पैसेही बरे झाले. तरीही अलीकडे बागेत पाय ठेवला की दुसऱ्याच्या रानात आल्यासारखे वाटते. काय फवारायचे ते सल्लागार रोज संध्याकाळी मोबाईलवर पाठवतात, माल कधी उतरवायचा ते निर्यातदाराचा माणूस ठरवतो आणि दर कोण ठरवतो ते मला ठाऊक नाही. हंगामातल्या एका संकष्टीला आईने गणपतीपुढे ठेवायला एक घड मागितला, तेव्हा शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले ते मोबाईलमध्ये पाहिल्याशिवाय मला 'हो' म्हणता आले नाही. विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, येणाऱ्या बायकाही पूर्वीसारख्या बोलत नाहीत. कानात वायर घालून ओळी उरकतात. वडिलांच्या वेळी पैऱ्याने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबून, कामे व्हायची, बागेत माणसांचा आवाज असायचा. धाकटा भाऊ म्हणतो, पैसा मिळतोय ना, मग दुखणे कसले? हे माझ्या मनाचे दुखणे आहे की आणखी काही? घरासाठी दोन ओळी डिपिंग न करता, म्हणजे मणी वाढवणाऱ्या संजीवकात घड न बुडवता, ठेवाव्यात असे मनात येते. काय करावे?"

स. न. वि. वि.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या घडापाशी थांबलो. झाड तुम्ही लावलेले, खुंटावर कलम तुमच्यासमोर भरलेले, पाणी तुमच्या विहिरीचे, आणि आईला एक घड द्यायचा तर परवानगी मोबाईलकडे मागायची. रसायनाचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणीनंतर काढणीपर्यंत सोडायचे दिवस, पाहणे हे शहाणपणाचेच होते आणि तुम्ही तो पाहिला नसता तर मी तुम्हाला दोष दिला असता. पण शहाणपणाने वागूनही मनाला काहीतरी बोचले, आणि ती बोच खरी आहे असे मला वाटते.

तुमच्या भावाचा प्रश्न आधी हातावेगळा करतो, कारण तो अनेकांच्या मनात असतो. शेतीतल्या दुःखाला आपल्याकडे पैशाचे शब्द भरपूर आहेत : तोटा, थकबाकी, बुडीत, जप्ती. पैसे आले की हे सगळे शब्द गप्प होतात आणि मग ज्याला अजूनही दुखते आहे त्याने काय म्हणावे हे त्याला सुचत नाही. समाजशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या अवस्थेला 'परात्मता' म्हणतात. शब्द जड आहे, साध्या बोलीत त्याला परकेपणा म्हणता येईल. आपले काम, आपण घडवलेली वस्तू, आपल्याबरोबर राबणारी माणसे आणि शेवटी आपण स्वतः, हे सारे डोळ्यांसमोर असूनही आपले न वाटणे, असा त्याचा अर्थ.

मूळ इंग्रजी शब्द, 'एलिएनेशन', तुमच्या पणजोबांच्या काळी आपल्या महसुली दप्तरात होता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात, ज्या जमिनीच्या साऱ्यावरचा सरकारचा हक्क पूर्णतः वा अंशतः दुसऱ्याकडे गेला आहे, म्हणजे उदाहरणार्थ इनामाची जमीन, तिला 'एलिएनेटेड' म्हटलेले आहे. जमीन जागची हललेली नाही, बांध तेच, कसणारा कुळवाडीही तोच. फक्त तिच्यातून जे निघते त्यावरचा हक्क दुसरीकडे गेला आहे. मी वर्गात हा दाखला देत असे तेव्हा मुले हसत. तुमचे पत्र वाचताना मात्र मला तो नेमका वाटला.

या कल्पनेची सर्वांत प्रसिद्ध मांडणी कार्ल मार्क्सने १८४४ साली पॅरिसमध्ये असताना, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, काही टिपणांत केली. ती टिपणे छापून बाहेर यायला १९३२ साल उजाडले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, मजुरीवर राबणारा माणूस चार ठिकाणी तुटतो. त्याने केलेली वस्तू त्याची राहत नाही. काम करण्याची क्रिया त्याची राहत नाही, कारण ती दुसऱ्याच्या हुकमाने चालते. विचारपूर्वक काही घडवण्याची जी माणसाची खास शक्ती, ती केवळ पोट भरण्याचे साधन होऊन बसते. आणि यामुळे माणूस शेजारच्या माणसापासूनही तुटतो. काम सुटल्यावरच त्याला आपण आपले वाटतो आणि कामावर असताना तो घराबाहेर असल्यासारखा असतो, हे त्याचे निरीक्षण दीडशे वर्षांहून जुने असले तरी कुपवाडच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या कोणालाही ते समजावून सांगावे लागत नाही.

अडचण अशी की, मार्क्स बोलत होता मजुराबद्दल आणि तुम्ही तर मालक आहात. सातबारा तुमच्या नावावर आहे, कोणी मुकादम तुमच्यावर ओरडत नाही, सकाळी किती वाजता उठायचे हे तुम्हीच ठरवता. मग परकेपणा आला कोठून? माझ्या समजुतीप्रमाणे तो असा आला की मालकी आणि निर्णय या दोन गोष्टी पूर्वी एकाच माणसाकडे असत, त्या तुमच्या बागेत वेगळ्या झाल्या. जोखीम, कर्ज, गारपीट, दावण्या रोग हे सारे मालकीबरोबर तुमच्याकडे राहिले. मणी किती मिलिमीटरचा हवा, कोणते औषध चालेल, माल कोणत्या दिवशी उतरेल, हे निर्णय गेले. निर्यातदाराचा माणूस मण्यावर मापाची कडी घालून माप घेतो, तेव्हा त्या कडीतून तुमची तीस वर्षांची नजर बाद होते. घड हातात धरून त्याचे वजन आणि गोडी सांगणारा तुमच्यासारखा माणूस तिथे नुसता उभा असतो.

आणखी एक गोष्ट पाहा. निर्यातीसाठी नोंदणी केलेल्या तुमच्या प्लॉटला ग्रेपनेटमध्ये, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या सरकारी संगणक प्रणालीत, क्रमांक आहे. खोक्यात काही दोष निघाला तर त्या क्रमांकाच्या आधारे माल कोणत्या गावच्या कोणत्या बागेतला हे शोधून काढता येते, आणि ते योग्यही आहे. पण ही वाट एकाच दिशेने चालते. खोके पॅकहाउसमधून बाहेर पडल्यावर कोठे गेले, कोणत्या दुकानात कितीला विकले गेले, ज्याने खाल्ले त्याला ते आवडले का, यातले काहीच उलट तुमच्यापर्यंत येत नाही. तुमच्यापर्यंत येते ती फक्त तक्रार किंवा वजावट. कामाचा शेवट दिसेनासा झाला की कामाची सुरुवातही निर्जीव होते, आणि तुमची छाटणी तशी होत चालली आहे असे पत्रावरून दिसते.

मेल्विन सीमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली एक उपयुक्त काम केले. परकेपणा म्हणून जे सरसकट बोलले जाते त्यात किमान पाच निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत, हे त्याने वेगळे करून दाखवले : आपल्या हाती काही नाही असे वाटणे, जे चालले आहे त्याचा अर्थ न लागणे, नियमांवरचा विश्वास उडणे, माणसांत एकटे पडणे, आणि स्वतःलाच परके होणे. मी हे तुमच्या पत्रावर ताडून पाहिले. अर्थ तुम्हाला लागतो. द्राक्ष कशासाठी पिकवायचे याविषयी तुमच्या मनात गोंधळ नाही. नियमांवरचा विश्वासही उडालेला नाही, नाहीतर तुम्ही आईला घड तोडून दिला असता आणि मोबाईल पाहिला नसता. तुमच्याकडे आहेत त्या पहिली आणि चौथी, म्हणजे हाती काही न उरणे आणि एकटे पडणे. पाचवी दाराशी आली आहे. हे वेगळे करणे मला महत्त्वाचे वाटते, कारण या दोन गोष्टींवर काही करता येते.

आधी हाती काही न उरण्याविषयी.

सल्लागार बंद करा, निर्यात सोडा, असे मी सांगणार नाही. सोसायटीचे कर्ज असताना तसे सांगणे हा बेजबाबदारपणा ठरेल. पण तुमच्याकडे फवारणीची वही असेलच, निर्यातीसाठी ती ठेवावीच लागते. तिच्यात तारीख, औषध, प्रमाण, कारण कोणती कीड वा रोग, असे रकाने असतात. तुमच्या स्वतःच्या वहीत आणखी एक रकाना आखा आणि त्यावर लिहा : 'हेच का?' सल्लागाराचा संदेश आला की त्याच संध्याकाळी त्यांना विचारा की हेच औषध का, आजच का, हवामान पाहता दोन दिवस थांबलो तर काय बिघडेल. उत्तर समजले तर त्या रकान्यात लिहा, नाही समजले तर रकाना कोरा ठेवा. हंगामाच्या शेवटी किती जागा कोऱ्या राहिल्या ते मोजा. चांगला सल्लागार या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल तो बदलावा, एवढा अधिकार पैसे देणाऱ्याला नक्की आहे.

हा माझ्या मास्तरकीचा हट्ट समजू नका. २०१० चा हंगाम तुम्हाला आठवत असेल. वेलीची वाढ रोखण्यासाठी आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचा माल अडला आणि नाकारला गेला. 'सगळे मारतात म्हणून मी मारले' यापलीकडे कितीतरी बागायतदारांना तेव्हा काही सांगता आले नव्हते. ज्या औषधाचे कारण आपल्याला माहीत असते त्याचा निर्णय, सल्ला दुसऱ्याचा असला तरी, थोडाफार आपला होतो. कारण माहीत नसेल तर आपल्याच बागेत आपण फवारणीचा पंप ओढणारा गडी होतो. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून औषधांची यादी निघते, ती काढणीपूर्व कालावधीसह मागवा आणि भिंतीवर लावा. पुढच्या वेळी आईने घड मागितला तर उत्तर मोबाईलमधून न येता तुमच्या तोंडून येईल. फरक लहान आहे, पण तुमची बोच नेमकी तेवढ्या जागेत आहे.

दुसरे, मालाचा दर ठरवताना एकटे बसू नका. तुमच्या शिवारात निर्यातीचे आठ-दहा जण तरी असतील आणि प्रत्येकजण निर्यातदाराच्या माणसाशी वेगवेगळा, आणि बहुधा शेजाऱ्याला कळू न देता, दर ठरवत असेल. दहा शेतकरी एकत्र आले तर कायद्याने उत्पादक कंपनी होऊ शकते, पण लगेच कंपनी, अध्यक्ष, फलक आणि उद्घाटन या वाटेला जाऊ नका, असे मी मुद्दाम सांगतो. सहकाराच्या या जिल्ह्यात आपण पाहिले आहे की जी संस्था सभासदांची म्हणून उभी राहते तिच्याच वार्षिक सभेत सभासद मागच्या खुर्चीवर बसून 'मंजूर, मंजूर' म्हणतो आणि जेवणाच्या पंगतीकडे वळतो. परकेपणा घालवण्यासाठी काढलेली संस्थाच परकी होते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. तेव्हा सुरुवात एवढीच करा की यंदा प्रत्येकाला काय दर मिळाला, किती वजावट झाली आणि कोणते कारण देऊन, हे एका कागदावर सर्वांनी खरे लिहायचे. माझा अंदाज आहे की हा कागद पुरा होणे हेच सर्वांत कठीण जाईल.

आता एकटेपणाविषयी, आणि येथे मला तुम्हाला थोडे टोचेल असे लिहावे लागणार आहे.

वडिलांच्या काळचा पैरा तुम्हाला आठवतो. तो खराच चांगला होता. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, मजुरी नाही आणि हिशेब मात्र सगळ्यांच्या ध्यानात. कष्ट त्यातही मोडून टाकणारे होते. कष्टामुळे परकेपणा येतो असे समजण्याचे कारण नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातील सर्व जातींच्या मुलांनी शिकता शिकता अंगमेहनतीची कामे केली, आणि ती कोणासाठी चालली आहेत हे त्यांना दिसत होते. पण पैऱ्याच्या आठवणीत एक गाळलेली जागा आहे. पैरा होता तो बरोबरीच्यांचा, म्हणजे ज्यांच्याकडे जमीन आणि बैल होते त्यांचा. ज्यांच्याकडे काही नव्हते ते त्याही काळी तुमच्या-माझ्या आजोबांच्या रानात कामाला येत, आणि त्यांचे काम जन्मानेच ठरलेले असे. जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी तयार केलेल्या, पण कधीच न झालेल्या भाषणात मांडले. ज्या कामात माणसाचे ना मन असते ना बुद्धी, त्या कामात कौशल्य येणार कोठून, हा प्रश्नही त्यातच आहे. तेव्हा परकेपणा निर्यातीबरोबर गावात आला असे म्हणता येणार नाही. गावातील काही घरांना तो पिढ्यानपिढ्या माहीत होता; आपल्या घरापर्यंत आत्ता आला.

आणि म्हणून त्या बायका. तुम्ही लिहिता की त्या बोलत नाहीत, कानात वायर घालतात. पत्रात एक गोष्ट नाही ती मी विचारतो : विरळणीचे काम तुम्ही रोजावर देता की उक्ते? तासगाव-पलूसकडे जे मी पाहतो त्यावरून माझा तर्क आहे की मुकादमाशी एकराचा भाव ठरतो आणि टोळी येते. तसे असेल तर त्यांच्या गप्प राहण्याचे कोडे उरत नाही. रोजावर असताना दोन शब्द बोलण्याने कोणाचे नुकसान होत नसे. उक्त्यात बोलण्यात गेलेला प्रत्येक क्षण त्यांच्या स्वतःच्या पैशातून जातो. कात्रीची टोके घडात घालून, मान वर करून, मांडवाखाली दिवसभर मणी काढायचे. कोणते काढायचे ते ठरलेले, किती ठेवायचे ते ठरलेले, आणि ज्या घडासाठी हे चालले तो पिकल्यावर त्यांना दिसणारही नाही, कारण तोवर टोळी दुसऱ्या गावी गेलेली असते. निर्यातदाराच्या माणसाबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते पत्र त्या बायकांपैकी एखादीने तुमच्याबद्दल लिहिले असते, तर त्यात फारसे शब्द बदलावे लागले नसते.

हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. मजूर मिळत नाहीत, विरळणी चार दिवस लांबली तर मणी फुगून घड गच्च होतो, म्हणून उक्ते द्यावे लागते, हे मला कळते. मी स्वतः एकतीस वर्षे महाविद्यालयात परात्मतेच्या त्या चार बाजू फळ्यावर लिहिल्या आणि परीक्षा संपल्यावर मध्यवर्ती मूल्यमापनाच्या दालनात बसून, नाव झाकलेल्या उत्तरपत्रिका गठ्ठ्याच्या भावाने तपासल्या. त्यातल्या कितीतरी उत्तरांत माझीच वाक्ये पाठ केलेली होती आणि त्यांना गुण देताना मला काहीही वाटले नाही. व्यवस्थेत बसलेला माणूस असाच वागतो. पण तुमच्या बाबतीत एक फरक आहे. निर्यातदाराचा निर्णय तुमच्या हाती नाही. टोळीशी कसे ठरवायचे हा निर्णय मात्र पूर्णपणे तुमच्या हाती आहे, आणि 'माझ्या हाती काही नाही' असे म्हणणाऱ्याने या हातात असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करावी असे मला वाटते.

काय करता येईल? चार एकरांपैकी एका एकराचे काम रोजावर देऊन पाहा, दरात कसर न करता. टोळीतल्या जाणत्या बाईला, आणि अशी एक बाई प्रत्येक टोळीत असतेच, कोणत्या वेलीवर किती घड ठेवावेत हे विचारा आणि एका ओळीत तिच्या म्हणण्याप्रमाणे करून बघा; वीस बागा पाहिलेल्या त्या बाईची नजर तुमच्या सल्लागाराच्या तक्त्यापेक्षा वेगळे काही सांगेल, कदाचित चूकही सांगेल. माल उतरेल तेव्हा त्या टोळीच्या घरी खोकी जातील अशी व्यवस्था करा. निवडून बाजूला काढलेल्या मालाची नव्हेत, त्याच प्रतवारीची. प्यायचे पाणी, सावली आणि आडोसा यांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणून मी धरून चालतो की ते आहे. नसेल तर वरचे काहीही करण्याआधी तेवढे करावे.

डिपिंग न करता ठेवायच्या दोन ओळींविषयी. ठेवा की. मणी बारीक राहील, लांबणार नाही, पण तुमच्या वडिलांनी खाल्लेली चव पुष्कळशी परत येईल, आणि जास्तीचा माल शेडवर टाकून बेदाणा करता येईल. फवारणी त्यांनाही लागणारच; दावण्या ओळी पाहून येत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. फक्त त्या दोन ओळींनी तुमची बोच जाईल अशी अपेक्षा करू नका. उरलेल्या बागेत परकेच राहून या दोन ओळींत आपले मन ठेवणे म्हणजे सहा दिवस कामावर मेल्यासारखे राहून रविवारी जगणे. कारखान्यातील लोक तेच करतात आणि सोमवार त्यांना अधिकच जड जातो.

तुम्ही विचारले आहे की हे मनाचे दुखणे आहे का. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून मी त्याला आजार म्हणणार नाही. ज्याला हे बोचते त्याचे मन शाबूत आहे. परंतु जे लिहिले नाही ते मला दिसत नाही. झोप पहाटे तीनला मोडत असेल, जेवणावरची वासना गेली असेल, घरच्यांशी बोलणे टाळावेसे वाटत असेल किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचा विचार एकदाही मनात आला असेल, तर हे पत्र बाजूला ठेवून आधी सांगली-मिरजेतील एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा विनामूल्य क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. बागेत औषधे हाताशी असतात, म्हणून घरातल्या एका माणसाला तरी हे पत्र वाचायला द्या. भावालाच दिले तर बरे, त्याच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे.

एप्रिल छाटणी तुमची आता उरकत आली असेल. मुकादमाशी रोजाच्या त्या एकराविषयी बोलायचे तर ते दसऱ्याच्या आधी, टोळीची उचल ठरण्यापूर्वी बोला. एकदा उचल दिली आणि ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की त्यालाही सवड नसते आणि तुम्हालाही. वहीतला रकाना मात्र आजच आखता येईल.

आपला,
सल्ला सदराचा लेखक, सांगली